मागच्या दाराचं हँडल

मित्रांनो, मी ज्या डब्यात पडून आहे त्यावर बिस्किटांचं चित्र आहे. म्हणून कुणी झाकण उघडलंच, तर हिरमुसून परत लावतं. आत बिस्किटं नाहीत, मी आहे. एका फार जुन्या मोटारीच्या मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल. शेजारी माझं भावंड पडलंय, त्याच दाराची काच वर-खाली करणारं. हा डबा गाडीतच, पुढच्या सीटखाली असतो. दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

आम्ही पितळेचे, वरून चकचकीत मुलामा. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं मिस्त्रींच्या हातात. भंगारात निघालेली ही मोटार त्यांनी सात वर्षं खपून उभी केली. दाराचं अस्तर बदलायचं असलं की ते आधी आम्हाला काढत, आणि ते काम बघत राहावं असं असे. माझ्या मुळाशी एक गोल चकती आहे, तिच्यामागे स्प्रिंग. चकती दोन बोटांनी आत दाबली की आरपार गेलेली बारीक पिन दिसते. खिळ्याच्या टोकानं ती हळूच ढकलायची आणि पडू न देता झेलायची. पिन हरवली तर सगळं मुसळ केरात, कारण तशी पिन आता कुठे मिळत नाही. म्हणून मिस्त्री ती ओठांत धरत, आणि ओठांत पिन असेपर्यंत चकार शब्द बोलत नसत. त्यांच्या बायकोला हे पक्कं ठाऊक! वर्षभराच्या तक्रारी ती नेमक्या तेव्हाच बाहेर काढी. "बोला की आता! दातखीळ बसली का?" मिस्त्री नुसत्या भुवया उडवत.

त्यांची लेक चार वर्षांची असताना तिनं एका वळणावर मला ओढलं. आमच्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे चालत्या गाडीत वाराच ते सताड उघडतो. आईनं फ्रॉक धरला म्हणून पोर वाचली. घरी येताच मिस्त्रींनी आम्हा दोघांना काढून या डब्यात ठेवलं. म्हणाले, "पोर मोठी झाली की परत बसवू." तीन वर्षांनी बसवलंसुद्धा. त्या दिवशी लेकीनं मला आपल्या फ्रॉकच्या टोकानं पुसलं होतं. तेवढं कौतुक पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

मग मिस्त्रींची बायको गेली. मिस्त्री विसरू लागले. आधी पाने-पकडी कुठे ठेवल्या ते, मग रस्ते, मग माणसं. आता गाडी लेक चालवते. मागे मिस्त्री आणि त्यांची चिमुरडी नात. लेकीचा एक डोळा रस्त्यावर, एक आरशात.

गेल्या महिन्यात मिस्त्री मध्येच म्हणाले, "आलं माझं गॅरेज, उतरतो," आणि मला ओढलं. नातीनं दोन्ही मुठींत त्यांचा सदरा धरला. तिच्या हातांत बळ ते कितीसं? गाडी थांबली तेव्हा मिस्त्रींचा एक पाय बाहेर लोंबत होता.

त्याच दुपारी लेक खिळा घेऊन दाराशी बसली. चकती दबेना, पिन दिसेना.

"अगं, चकतीवर कसला राग काढतेस? सरक," मिस्त्री म्हणाले.

बाकी सगळं पुसलं गेलं होतं, पण त्यांच्या बोटांना विसर पडला नव्हता. आधी भावंडाची पिन निघाली, मग माझी. दोन्ही ओठांत गेल्या. लेकीला राहवलं नाही. "बाबा, हे कशासाठी काढतोय, कळतंय का तुम्हाला?"

आणि पिना ओठांत असताना मिस्त्री बोलले. जन्मात पहिल्यांदा बोलले.

"म्हणजे काय! आपली पोर लहान आहे ना, दार उघडते. मोठी झाली की परत बसवू."

पिना अंगणातल्या फरशीवर टणकन वाजल्या आणि गटारावरच्या जाळीतून खाली गेल्या.

लेकीनं एकदा जाळीकडे बघितलं. मग म्हणाली, "हो बाबा. बसवू."

तिनं पिना शोधल्या नाहीत. तिलाही कळून चुकलं असावं. मागच्या वेळी मी डब्यात निवांत होतो, कारण लहान मूल मोठं होतंच. या वेळी कशाची वाट बघू? मिस्त्री उद्या आजच्याहून थोडे कमीच असणार.

मित्रांनो, वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. मला जपून ठेवलंच आहे, काय उपयोग झाला? एवढंच मागतो, तुमच्या शेजारी विसरत चाललेल्या कुणाचा हात चाचपडू लागला तर हसू नका. तोच प्रश्न शंभरदा आला तर शंभरदा उत्तर द्या.

गाडी सुरू झाली की दारावर हात फिरल्याचा आवाज येतो. माझ्या जागी आता दारातून बाहेर आलेल्या दांडीचं नुसतं चौकोनी टोक आहे. तिथे हात थांबतो.

"हँडल कुठे गेलं गं?"

"पोर मोठी झाली की बसवणार, आजोबा," नात पाठ केल्यासारखं सांगते.

"होतेय ना मोठी?"

"होतेय."

"मग बरं," मिस्त्री म्हणतात, आणि गप्प बसतात. पुढच्या वळणापर्यंत.