बांधावरचं पान

विजयमालानं केळीच्या पानावर भाताची मूद ठेवली, तिच्यावर खीर ओतली आणि पान उसाच्या बांधावर टेकवून ती मागं सरकली.

"काव, काव," तिनं हलकेच साद घातली. आवाज घरापर्यंत जाऊन चालणार नव्हतं.

समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते. सर्वपित्री अमावास्या म्हणजे कळंबच्या कावळ्यांची दिवाळीच. मघाशी घराच्या पत्र्यावर सासऱ्यांचं पान ठेवलं, तर हात मागं घ्यायच्या आत त्यावर झडप पडली होती. म्हाताऱ्याला हयातीत कधी जेवणापुढं दम निघाला नाही, मेल्यावर कुठून निघणार? पण हे बांधावरचं पान दर वर्षी तसंच राहायचं. संध्याकाळी त्याला मुंग्या लागायच्या आणि विजयमाला ते चोरून म्हशीपुढं टाकायची.

"पोरीला नीट वाढवीन," ती पुटपुटली. कावळा हलला नाही.

"तुझ्या आईला साडीचोळी करीन. कुठं ऱ्हाती तेवढं दाव."

कावळ्यानं चोच फांदीला घासली, दुसरीकडं मान वळवली. मग मात्र तिचा धीर सुटला.

"माझं काय हवं ते घे. पर संस्कृतीला हात लावू नगंस."

संस्कृती आत तापानं फणफणली होती. साथीचा ताप आहे, उतरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. विजयमालाला ते पटलं नव्हतं. तिच्या लेखी हे पान ज्याच्या नावाचं होतं, तोच आपली वस्तू परत मागायला आला होता, आणि पोरीवरच त्याची नजर होती.

त्याला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. संस्कृती झाली तेव्हा बारामतीच्या दवाखान्यात विजयमालाचा रक्तस्राव काही केल्या थांबेना. डोळ्यांपुढं अंधारी आली होती, आणि भिंतीपलीकडं एका बाईनं हंबरडा फोडला. "लोणी देवकरला कामावर निघाला हुता गं माझा लेक! समदं रगत रस्त्यावर सांडलं गं!" त्याच वेळी सिस्टरनं विजयमालाच्या उशाशी लाल पिशवी टांगली. "आलं बघा रक्त," ती म्हणाली, "आता घाबरायचं नाही." मेलेल्या माणसाचे डोळे काढून दुसऱ्याला बसवतात, हे विजयमालानं शाळेत ऐकलं होतं. रक्ताचंही तसंच असणार, आणि हे त्या मेलेल्या पोराचंच, असं तिनं धरलं. विचारायची सोय नव्हती. असलं विचारायचं तरी कुणाला?

तेव्हापासून तो तिच्या मागं होता. दिवेलागणीला उसात पाचट वाजलं की तिच्या मनगटाची शीर उडू लागे, आणि ती अंगठ्यानं दाबून धरी. स्वप्नात तो पाठमोरा उभा असायचा आणि एकच बोलायचा, "रगत दे मला." ती घामानं भिजून उठायची, आधी पोरीच्या नाकाशी हात धरून बघायची.

"विजू, कुणाचं गं हे पान?"

विजयमाला दचकली. शेजारची फरिदा, दस्तगीर मिस्त्रीची बायको, दुधाची किटली घेऊन मागं उभी होती. काहीतरी थाप मारावी असं विजयमालाच्या ओठांवर आलं, पण आज बळ उरलं नव्हतं. तिनं सगळं सांगून टाकलं.

फरिदाला हसू फुटत होतं, पण विजयमालाचं तोंड बघून तिनं ते गिळलं.

"आगं येडे, मेलेल्याचं रगत न्हाय घेत. जित्याचंच घेत्यात. आमचे हे दर वर्साला देत्यात की! खाटंवर पडायचं, पिशवी भरायची, च्या-बिस्किट खायचं अन् दुपारच्याला गॅरेज उघडायचं."

"मग माझ्या अंगात..."

"आसंल कुणीतरी भला माणूस. बसला आसंल इंदापुरात भेळ खात."

विजयमाला मटकन खाली बसली. तिला रडू आलं, त्यातच हसूही आलं, आणि पदर तोंडात कोंबून ती किती तरी वेळ हलत राहिली. फरिदा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग विजयमालाचं हसू थांबलं.

"भाभी, मग त्या पोराला का न्हाय कुणी दिलं?"

फरिदानं किटली बांधावर टेकवली.

"येळंला मिळालं नसंल," ती म्हणाली. "पिशव्या काय झाडाला लागत्यात व्हय? कुणीतरी आधी देऊन ठिवावं लागतंय."

विजयमाला उठली. रगत दे मला, असंच तो म्हणत आला होता. माझं परत दे, असं तो एकदाही म्हणाला नव्हता. इतकी वर्षं ती त्याला खीर वाढत होती.

तिनं पदर सावरला आणि पानाला हात जोडले.

"देईन मी. तुला पोचायचं न्हाय आता, पर देईन."

कावळा शिवला का, हे बघायला ती थांबली नाही. आतून संस्कृती पाणी मागत होती.

ताप साध्या गोळ्यांनी उतरला. घट बसले आणि गावातल्या मंडळानं शाळेत रक्तदान शिबिर ठेवलं. विजयमाला सकाळीच भाकरी खायला बसली, तशी सासू, बानूबाई, कुरकुरली.

"नवरात्राचा उपास मोडून रगत द्याया निघालीस. देवी काय म्हणंल?"

"रिकाम्या पोटी घेत न्हाईत, आत्या. देवीला मी सांगितलंय."

शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून खाटा मांडल्या होत्या. सुई टोचली तेव्हा तिनं तोंड फिरवलं नाही. नळीतून उतरणारी धार ती बघत राहिली. तिला वाटलं होतं तेवढी लाल नव्हती, जराशी काळपट होती.

"ताई, हे कुणाला जाणार?"

"ते आम्हालाही माहीत नसतं," सिस्टर म्हणाली. "ज्याला लागेल त्याला."

"मग पिशवीवर येक लिवाल का?"

"नाव नाही लिहीत आम्ही. नुसता नंबर असतो."

"नाव नगं," विजयमाला म्हणाली. "देणारी जिती हाय, एवढंच लिवा."