उपग्रहाची वेळ

मयुराला धूर सोसत नाही. माझी चार वर्षांची पोर. गेल्या एप्रिलात तिची छाती अशी शिट्टी वाजवायला लागली की तीन दिवस दवाखान्यात वाफ द्यावी लागली. तेव्हापासून मी मोबाईलवर धूर बघते. उपग्रहाच्या नकाशात आगीचा लाल ठिपका दिसतो आणि धुराचा राखाडी पट्टा वाऱ्याबरोबर सरकतो. तलासरीच्या डोंगरात वणवा दिसला की मी इथे डहाणूला वाडीतल्या घराच्या खिडक्या लावून घेते. सासूबाई म्हणतात, "हिला शेजारणीची चूलसुद्धा दिसत असेल."

सोमवारी ठिपका आमच्याच शेतावर आला.

"बाबा, तुम्ही राब भाजलात?"

सासरे चिकू सोलत होते. "मग? शेणपाला जाळून जमीन भाजली नाही तर भाताची रोपं काय तुझ्या मोबाईलवर उगवतील?" मग फार गोड आवाजात, "तो तुझा उपग्रह येतो कितीला गं?"

मी बी.एस्सी. सगळं ज्ञान पाजळलं. "दुपारी दीडच्या सुमाराला. मग थेट रात्री."

पुढचे दोन दिवस नकाशा स्वच्छ, आणि मयुरा खोकतेय. तिसऱ्या दिवशी चारला मी चहा ठेवत होते. अंगणातून तिचा आवाज आला, "आजोबा, उपग्रह गेला. आता पेटवायचं?"

चारला वारा समुद्राकडून येतो आणि शेत घराच्या पश्चिमेला. म्हणजे सगळा धूर आमच्या खिडकीत! ओरडून गेल्या वर्षी बघितलं होतं, उपयोग शून्य. मी मोबाईल घेऊन चेहरा पाडून बाहेर गेले.

"बाबा, घोटाळा झाला. उपग्रहाची वेळ बदलली. आता दुपारपासून अंधार पडेपर्यंत इथेच घिरट्या घालतो."

काडेपेटी खिशात गेली. "आणि सकाळी?"

"सहाला नसतो."

सकाळी वारा डोंगराकडून समुद्रावर जातो, हे मी बोलले नाही. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "रिक्षावाल्यासारखाच आहे गं तुझा उपग्रह. मनात येईल तेव्हा येतो."

दुसऱ्या दिवशी सहाला उरलेला राब भाजला. धूर सरळ समुद्रावर गेला. मयुराच्या छातीला मी कान लावला. शिट्टी नाही. सासरे मिशीत हसले, "फसवला की नाही?"

"फसवलात, बाबा."

नऊला हंसाकाकू दारात. त्या किनाऱ्यावर बोंबील सुकवतात. टोपली खाली ठेवून त्यांनी एक बोंबील माझ्या नाकासमोर धरला.

"वास घे. धुराचा येतो ना? बघ तुझ्या मोबाईलवर, सकाळी कुणी पेटवलं ते!"

सासरे एकदम चिकूच्या झाडात काहीतरी शोधायला लागले. मयुराने सांगायला तोंड उघडलं, त्यात मी चिकूची फोड कोंबली.

"सहाला उपग्रह आफ्रिकेवर असतो, काकू," मी म्हटलं. "आणि ही टोपली इथेच राहू द्या, पैसे देते. आमच्याकडे असेच आवडतात."