मराठीत उघडली, हिंदीत बंद केली

मित्रांनो, मी संगणकातली एक एक्सएमएल फाईल. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या तांदूळ गिरणीत मला नुसतं 'सेटिंग' म्हणत. भरलेली गाडीच तोलणाऱ्या गाडीकाट्याचा प्रोग्राम सुरू होताना आधी मला वाचायचा: वजन कुठून घ्यायचं, पावती कोणत्या प्रिंटरवर काढायची. दोन हजार तीन साली गिरणीचं संगणकाचं काम बघणाऱ्या श्रद्धाताईंनी मला लिहिलं. गिरणीतल्यांना कळावं म्हणून शब्दही मराठीच घातले. माझा नियम एकच. टोकदार कंसात 'काटा' लिहून जो भाग उघडला, तो शेवटी तिरकी रेघ देऊन 'काटा' असंच लिहून बंद करायचा. इतकं सोपं, पण ऐकतंय कोण!

सुरुवातीला कौतुक फार झालं. पुढे मात्र कोणीही यावं, मला उघडावं, बोटं चालवावीत! डोक्याला नुसता ताप.

एकदा नवा प्रिंटर आला. काट्यावरच्या वीरेंद्रबाबूंनी माझ्यात त्याचं नाव घातलं आणि त्या नादात शेवटची ओळ पुसली. बरं, पुसली तर पुसली. मनानंच पुन्हा लिहिली, 'कांटा'! हिंदीतला, डोक्यावर टिंब दिलेला! झालं. प्रोग्राम उघडेना. धानाच्या ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेली.

गिरणीचे मालक गुणाकरसेठ तावातावानं आले. "ज्यानं हे केलं त्याले आजच घरी पाठोतो!"

वीरेंद्रबाबू खुर्चीतून उठून उभे राहिले. घरात कमावणारे ते एकटेच.

श्रद्धाताईंनी येऊन मला उघडलं आणि हळूच विचारलं, "वीरेंद्रभाऊ, हे टिंब काहून देल्लं?"

"ताई, काटा म्हना का कांटा म्हना, एकच तं आहे!"

"आपल्याले हौ. या कम्प्युटरले नाही."

टिंब गेलं, काटा सुरू झाला.

"गलती कोनाची होती?" सेठ गुरगुरले.

ताई म्हणाल्या, "कोनाचीच नाही, सेठ. फाईलच खराब झाल्ती."

मी? खराब? असा संताप आला म्हणून सांगू! तोंड असतं तर भर गिरणीत ओरडले असते. पण पुढच्या ट्रॅक्टरची पावती वीरेंद्रबाबूंनी तीनतीनदा वाचून मगच हातावेगळी केली. मग माझा राग निवला.

मित्रांनो, मला हात लावण्याआधी माझी एक प्रत काढून ठेवा. ज्या नावानं उघडाल, त्याच नावानं बंद करा. आणि एखाद्याची नोकरीच जात असेल तर खुशाल सांगा, फाईल खराब होती. पण रोज रोज नाही हं!