शेवंडीची गाठ

चिंचणीत कुणाच्या मानेवर चामखीळ उठली की तो थेट विश्रामकाकांच्या वाडीची वाट धरी. काका टांगेवाल्या धर्माजीच्या घोड्याच्या शेपटीतला एक केस घेत, चामखिळीच्या मुळाशी आवळून बांधत आणि म्हणत, "जा, आता खाजवू नको." हळूहळू चामखीळ सुकून गळून पडे. काका त्याचं काही घेत नसत. त्यांची मान तेवढी अभिमानाने जरा ताठ होई.

म्हणून त्यांच्या लाडक्या कुत्रीच्या मांडीवर बोराएवढी गाठ आली, तेव्हा काका हसलेच. कुत्रीचा रंग उकडलेल्या शेवंडीसारखा, म्हणजे समुद्रातल्या मोठ्या झिंग्यासारखा, तांबूस, म्हणून मंगलाकाकूंनी तिचं नावच शेवंडी ठेवलं होतं.

"ये गो बाय," काका म्हणाले, "तुजं पन काम करून टाकू."

केस बांधला आणि सकाळी पाहतात तो बोराचं लिंबू झालेलं, लाल आणि गरम. शेवंडी ते चाटून चाटून बेजार झाली. सुक्या बोंबलाची डोकी पुढ्यात टाकली, तरी तिकडे ढुंकून पाहीना.

"अवो, सोडा तो केस," काकू कळवळल्या.

"गळायच्या आदी फुगतेच ती."

"लिंबाएवडी? तुमची कीर्ती गावाला ठाव हाय, कुत्रीच्या अंगाला नाय!"

काकांनी कात्रीने हलकेच केस कापला. सूज उतरली, पण दोन-चार दिवसांनी कुणी हात न लावता पुन्हा चढली. मग मात्र काकांना अन्न गोड लागेना. आपल्याच हाताने काही भलतं होऊन बसलं तर?

बोईसरच्या बाजाराला पालघरहून गुरांचे डॉक्टर येत. काका-काकूंनी शेवंडीला टांग्यात घातलं.

"माज्या घोड्याला नाव ठेवू नका हां, काका," धर्माजी म्हणाला. "केस त्याचा, पन बांदला तुमी. आता तोच बिचारा दाक्तराकडं नेतोय."

कमलाकांत डॉक्टर चिंचेखाली बैलांची खुरं पाहत होते. त्यांनी हात धुऊन गाठ अलगद चाचपली.

"फुगते आणि आपोआप बसते का?"

"भरती-ओहोटीवानी," काकू म्हणाल्या.

"कुणी दाबली, पिळली?"

काका टांग्याच्या चाकाकडे पाहू लागले. काकू मुद्दाम खोकल्या.

"मी केस बांदलता," काका पुटपुटले.

"बरं झालं सांगितलंत. ही चामखीळ नव्हे, काका. ही कातडीतली वाईट गाठ दिसते, कॅन्सरची असू शकेल. कुत्र्यांना अशा गाठी होतात. असली गाठ छेडली की चवताळून फुगते. ती कापून काढायला हवी, आणि भोवतालची चांगली कातडीही बरीच घ्यावी लागेल."

"चांगली कशाला?" काकांचा आवाज चढला. "गाठ येवडीशी, नि जखम येवडी?"

"तुमच्या वाडीत लव्हाळा माजतो का?"

"माजतो तर!"

"वरची पात उपटून भागतं?"

"छ्या! गड्डा रवतो ना खाली. आजूबाजूची माती घेऊन खणावं लागतं, नायतर..." काका बोलता बोलता थांबले. शेवंडीने त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली होती. "खणा, दाक्तर," ते म्हणाले.

"पुन्हा कधीच येणार नाही, असा शब्द मात्र देता येणार नाही."

"नका देऊ. बगू आमी."

पालघरच्या दवाखान्यात शेवंडीला गुंगीचं औषध दिलं. तिचे डोळे मिटेपर्यंत काकांनी तिचं डोकं धरून ठेवलं. घरी आल्यावर टाके चाटू नयेत म्हणून काकूंनी फुटक्या टोपलीचा तळ कापून ती तिच्या गळ्यात अडकवली. ती टोपलीसकट दाराच्या चौकटीवर धडकत हिंडू लागली, तेव्हा आठवड्यात पहिल्यांदा काका पोट धरून हसले.

टाके निघाले. मांडीवर कोयत्यासारखा वण राहिला.

चामखिळी घेऊन लोक अजूनही येतात. काका आधी विचारतात, "वाढतेय का? रंग बदलला? रगत येतं?" एका जरी प्रश्नाला 'हो' आलं, तर केस खुंटीलाच राहतो आणि माणूस दाक्तराकडे जातो.

संध्याकाळी शिंपणं आटोपलं की काका ओट्यावर बसून शेवंडीच्या कानांमागून शेपटीपर्यंत बोटं फिरवतात. पोट, काखा, मांड्या, काही सोडत नाहीत. नवी गाठ चाचपत असतात ते. शेवंडी मात्र चारी पाय वर करून डोळे मिटते. तिला वाटतं, लाड चाललेत.

"आज काय लागलं हाताला?" काकू आतून विचारतात.

"गोचीड," काका म्हणतात, आणि पुन्हा कानांपासून सुरुवात करतात.