बाजाराच्या कोपऱ्यातले दोन संडास

मी एक जुना सार्वजनिक संडास आहे. मुरडलंत ना नाक? मुरडा, मित्रांनो, मला सवय आहे. पण एकदा मी मत्सराने इतका आंधळा झालो होतो की त्याची मला आजही लाज वाटते. तेच सांगायला बसलो आहे.

दोन गवंडी भावांनी मला बाजाराच्या कोपऱ्यात बांधलं. पुरुषांसाठी चार खोल्या, बायकांसाठी दोन. फीत कापली, टाळ्या पडल्या. मला धुणाऱ्या बाईंना सगळा बाजार मावशी म्हणायचा. माझ्या फरशीवर खराटा मारताना त्या पुटपुटायच्या, "तू लख्ख, तर माझी मान ताठ." त्या वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

मग माझी टाकी गळायला लागली. नळाला कधी पाणी असे, कधी नसे. माझ्यातली घाण मागच्या नाल्यातून थेट नदीत जायची. ते मला ठाऊक होतं, पण मी त्याकडे काणाडोळा केला. शेवटी बायकांच्या बाजूला कुलूप लागलं आणि ठेकेदाराने तिथे आपले पाइप भरून ठेवले.

समोर शिवणकाम करणाऱ्या ताई बसायच्या. शेजारी अंडीवाली आजी, पलीकडे भाजीवाली. तिघी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. प्यायल्या तर जायचं कुठे? एके दिवशी पाहणीला नगरपालिकेचे साहेब आले, तेव्हा ताईंनी माझ्या पायरीवर पाण्याच्या भरलेल्या एकवीस बाटल्या मांडल्या.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"बाजारातल्या आम्ही एकवीस जणींनी सकाळी घरून भरून आणल्या आहेत," ताई म्हणाल्या. "आता पाच वाजलेत. एकीचंही झाकण उघडलेलं नाही. का ते या कुलपाला विचारा."

साहेबांनी वहीत काहीतरी खरडलं आणि ते निघून गेले. पण त्यानंतर ताईंनी त्यांची पाठ सोडली नाही. सह्या गोळा केल्या, सभेत उभ्या राहिल्या, हेलपाटे घातले. सव्वा वर्षाने माझ्या शेजारी पाया खणला गेला. मला वाटलं, माझीच डागडुजी होणार. कसलं काय! माझ्या छाताडाला लागून नवा संडास उभा राहिला.

मित्रांनो, माझ्या पोटात दुखायला लागलं. त्याला पाणी जवळजवळ लागत नव्हतं. लघवी एकीकडे, मैला दुसरीकडे. वरून मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा, की झालं. पुढे त्याचं खत होणार, नदीत थेंबही जाणार नाही. आतून लागणारी कडी, पिशवी अडकवायला खुंटी, बायकांसाठी चार खोल्या! लांबलांबून लोक बघायला येत. माझ्या भिंतीला टेकून त्याचे फोटो काढत. आणि मावशी? माझ्या मावशी त्याचं दार पुसताना गाणं गुणगुणत होत्या. इतक्या वर्षांत माझ्यासमोर त्या कधी गुणगुणल्या नव्हत्या.

मी मनोमन म्हणू लागलो, याचं वाटोळं होवो.

आणि तसंच झालं. कुणीतरी सवयीने आत बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं. भुसा भिजला, दुर्गंधी सुटली. लोक मावशींवरच खेकसले, "हे का तुमचं नवं?" साहेबांनी त्यालाही कुलूप ठोकलं. त्या दिवशी मला काय उकळ्या फुटल्या म्हणून सांगू!

चौथ्या दिवशी दुपारी अंडीवाली आजी आली. आधी त्याचं कुलूप ओढून पाहिलं, मग माझं. तिला उभं राहवत नव्हतं. तिने माझ्या भिंतीला हात टेकला आणि तिथेच तिचं लुगडं ओलं झालं. आजी रडली नाही. पदराने तोंड झाकून नुसती खाली बसली. ताई धावत आल्या, तिला आडोसा करून उभ्या राहिल्या.

आजी म्हणाली, "बाई, कुणी बघितलं का गं?"

"कुणी नाही, आजी," ताई म्हणाल्या.

मी बघितलं होतं. तिचा हात माझ्या भिंतीवर होता आणि मी आनंदात होतो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताईंनी आणि मावशींनी साहेबांकडून किल्ली आणलीच. दोघींनी नाकाला फडकं बांधून ओला भुसा उपसला, कोरडा भरला. दारावर मोठी चित्रं काढली: पाणी कुठे, भुसा कुठे. महिनाभर मावशी दाराशी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला न कंटाळता समजावत होत्या. आजी आता दुपारी तांब्याभर पाणी पिते.

ठेकेदाराचे पाइप माझ्यातून निघाले. आता माझ्यात कोरड्या भुशाची पोती असतात. मावशी दिवसातून दोनदा येतात, घमेलं भरतात आणि त्याच्याकडे जातात. खोटं कशाला बोलू, त्या पाठमोऱ्या झाल्या की अजूनही काळजात बारीक कळ येते.

तरीही मित्रांनो, त्याच्याकडे जाल तेव्हा मूठभर भुसा टाकायला विसरू नका. फरशीवर पाणी सांडू नका. आणि तुमच्या गावात असं एखादं दार बंद दिसलं, तर ते का बंद आहे हे मोठ्याने विचारा. ते दार माझं नसलं तरी चालेल.