दोन शून्यांआधीचं वल्हं

मित्रांनो, मी एक जुनं वल्हं आहे. सुमात्रातल्या गढूळ नदीकाठी जामरिस आजोबांनी मला कोरलं. वल्हवताना ते गुणगुणायचे,

नदीबाई, नदीबाई, पाठ जरा दे,
थकल्याभागल्या नावेला काठ जरा दे.

एकदा खडकावर माझं पातं तुटलं. उरलो नुसता दांडा. नावेच्या तळाशी ओला पडून राहिलो.

त्या वर्षी आमच्या गावाने पहिल्यांदाच आपली लांब नाव शर्यतीत उतरवली. जंगलातून झाड ओढून आणण्यापासून सारं गाव राबलं होतं. पण नाकाडावर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, क्रमांक नसेल तर नाव बाद! आमचा क्रमांक शेवटचा, शंभर.

लाकडी आकडे रमलामावशी कोरायच्या. आमच्याकडे चटया असोत की आकडे, सगळं कोडीने. दरवर्षी नव्व्याण्णव नावा आणि प्रत्येक आकड्याची एक कोडी, म्हणजे वीस. कधी कमी पडलं नव्हतं. यंदाही त्यांनी तेवढेच कोरले.

आमच्या नावेवर दोन शून्यं ठोकली आणि पेटीत पाहिलं, तर एकचा आकडा संपलेला!

पहिली तोफ झाली. पंच ओरडले, "दुसरीच्या आत क्रमांक लावा, नाहीतर बाजूला व्हा!"

आमचा जुफ्री उसळला. "अकरावाल्यांकडे एकचे दोन आकडे आहेत. उपटा त्यातला!"

"हात लावून तर बघ!" पलीकडून आवाज आला. "नावेचं नाक आहे हे, तुझ्या सासऱ्याचं कुंपण नाही!"

शर्यतीआधी परक्या नावेच्या नाकाला हात म्हणजे तिची अब्रूच काढणं. दोन्हीकडे वल्ही उगारली गेली.

रमलामावशी बोटांवर मोजत होत्या. "एककाच्या घरात दहा, दशकाच्या घरात दहा, झाली कोडी. आणि शंभरातला?" त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे थांबा, मेल्यांनो! एकवीस लागतात. कुणी चोरला नाही, मीच मोजला नाही!"

आता नवा कोरायला वेळ कुठला? जामरिस आजोबांनी मला तळातून ओढलं, शून्यांच्या आधी उभं धरलं.

"तुटकं वल्हं?" पंच हसले.

"काठावरून वाचता येतंय ना?"

पंचांनी डोळे बारीक केले. "येतंय. ठोका लवकर!"

खिळे अंगात शिरले आणि दुसरी तोफ धडाडली.

आम्ही जिंकलो नाही, मित्रांनो. पण काठ गर्जत होता, "शंभर आले, शंभर!"

म्हणून सांगतो, नवा कुणी पंगतीत आला, की जुनी मोजणी पुन्हा करा. आणि तुटलेलं काही फेकण्याआधी, एकदा उभं करून पाहा.