आठव्या लेनची पंच

पोहण्याच्या शर्यतीत वळणाच्या पंचाला फारसं काही करायचं नसतं. पांढरे कपडे घालायचे, लेनच्या टोकाशी उभं राहायचं आणि पोरीचे हात भिंतीला कसे लागतात ते वाकून बघायचं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. नाही लागले, तर पंचाने आपला हात वर करायचा. पंचाचा हात वर गेला की पोरगी बाद. एरवी हात पाठीमागे आणि तोंड बंद. तोंड बंद ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही, पण नजर माझी चांगली आहे. म्हणून पाणीपुरवठा खात्यातली नोकरी सांभाळून हे फुकटचं काम मी वर्षानुवर्षं हौसेने करत आले आहे.

गेल्या वर्षी निवड चाचणीत मी हात वर केला, तो माझ्या सख्ख्या भाचीसाठी.

तिला आम्ही बेडकी म्हणतो. नाव मीच ठेवलं. एवढीशी होती तेव्हापासून पाण्यात पाय असे मारायची की दुसरं नाव सुचलंच नसतं. पोटाखाली हात धरून तिला पोहायला मीच शिकवलं. त्या चाचणीत ती सगळ्यांच्या पुढे होती. पण शेवटच्या वळणावर तिला इतकी घाई झाली की उजवा हात भिंतीला लागला, तेव्हा डावा वळायला निघालेलासुद्धा होता. माझ्याच लेनमध्ये, माझ्या नाकासमोर. मी हात वर केला. ही आपली बेडकी आहे हा विचार त्या वेळी डोक्यात आलाच नाही. तो विचार आला हात खाली आल्यावर.

माझ्या भावाचं, म्हणजे दादाचं, चष्म्याचं दुकान आहे. त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "उद्या दुकानात ये. डोळे तपासून देतो तुझे."

मी म्हणाले, "चष्मा तुझ्याच दुकानातला आहे. चुकीचं दिसत असेल तर आधी दुकानाची पाटी उतरव."

झालं, दादाने अबोला धरला. वहिनी बिचारी दोघांची समजूत घालता घालता थकून गेली. दादाचं मी मनावर घेतलं नाही, तो लहानपणापासून फुगतो. पण बेडकीही बोलेना. म्हणजे विचारलं तर उत्तर द्यायची, गेले तर पाण्याचा पेला आणून ठेवायची आणि खोलीत निघून जायची. भांडली असती तर मी तिला पुरून उरले असते. त्या पाण्याच्या पेल्याशी कसं भांडायचं ते मला कळत नव्हतं.

यंदा आंतरराष्ट्रीय युवा स्पर्धेसाठी तिची निवड झाली, आणि नेमकी ती स्पर्धा आमच्याच तलावावर आली. कुठकुठल्या देशांच्या पोरी आल्या. ओल्या चपलांनी व्हरांडे निसरडे झाले, आणि कपडे बदलायच्या खोलीत एकाच वेळी इतक्या भाषा ऐकू यायच्या की कोण हसतंय आणि कोण रडतंय तेवढंच समजायचं. मी मुख्य पंचबाईंना आधीच जाऊन सांगितलं की माझी भाची पोहते आहे, मला तिच्या लेनपासून लांब ठेवा. त्यांनी विचारलं, कुठली लेन हवी? आता फायनलची रीत अशी असते की हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ज्या जोरात पोहल्या त्यांना मधल्या लेन, आणि ज्या जेमतेम आत आल्या त्यांना कडेच्या. मी म्हणाले, फायनलला आठवी द्या, सगळ्यात कडेची. बेडकी कडेला येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आत्याचा गर्व, दुसरं काय.

सकाळच्या हीटमध्ये बेडकी भिंतीपाशी आली की बिचकत होती. पाण्यात सुसाट यायची, आणि दोन्ही हात लागले की क्षणभर तिथेच थांबायची, दाराला कुलूप लावल्यावर आपण पुन्हा ओढून बघतो ना, तशी. प्रत्येक वळणावर तिचा वेळ वाया जात होता. शेवटी कशीबशी आठवी आली आणि फायनलमध्ये शिरली. फलकावर तिच्या नावापुढे आठवी लेन झळकली, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

पुन्हा मुख्य पंचबाईंकडे गेले. पहिल्या लेनच्या पंचाशी अदलाबदल करायची असं ठरलं आणि माझा जीव भांड्यात पडला. त्यांच्या टेबलाला लागूनच पोहणाऱ्या पोरींना बसवायची खोली होती, दार अर्धं उघडं. मी टेबलापासून वळते तर बेडकी टोपी घालून दारात उभी.

"आत्या, तू लेन बदलून घेतलीस?"

वर्षभरात तिने आपणहून मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हणाले, तुझ्या डोक्याला उगाच ताप नको म्हणून.

"परत हात वर करायला लागेल याची भीती वाटते तुला?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण या पोरीशी कधी खोटं बोलले नव्हते. "हो," मी म्हणाले.

"मलाही वाटते." ती गॉगलचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. "गेल्या वर्षी माझा डावा हात लागला नव्हता. मला पाण्यातच कळलं होतं. पप्पा तुझ्यावर चिडले, तेव्हा मी काहीच बोलले नाही. मग तुझ्यासमोर यायचीच लाज वाटायला लागली."

वर्षभर जो राग समजून मी गिळत होते, तो राग नव्हताच. तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण अंगावर पंचाचे कपडे होते आणि चार देशांच्या पोरी बघत होत्या.

"तू आठवरच थांब," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी हात वर केला नाही, तर मला कळणारच नाही की मी बरोबर होते की त्यांना दिसलं नाही. तू नाही केलास, म्हणजे मी नक्की बरोबर."

मी तिसऱ्यांदा मुख्य पंचबाईंपुढे जाऊन उभी राहिले. आधी हवी, मग नको, आता परत हवी, इथे काय भाजी निवडायला आलात का, असं त्या म्हणाल्या. पण मी सगळं सांगितल्यावर त्यांनी विचार केला आणि माझ्या शेजारी आणखी एक पंच उभी करायचं ठरवलं. दोघींपैकी कुणाचाही हात वर गेला तरी पोरगी बाद. मला ते पटलं.

दोनशे मीटर म्हणजे तलावाच्या चार लांब्या. आम्ही सुरुवातीच्या टोकाला होतो, म्हणजे मधलं एक वळण आणि शेवटचा स्पर्श आमच्या वाट्याला. शिट्टी झाली, पोरी पाण्यात पडल्या. पहिल्या दोन लांब्यांत बेडकी सगळ्यात मागे होती. ती माझ्याकडे यायला लागली तशी मी भिंतीवर वाकले. दोन्ही हात एकाच वेळी लागले, स्वच्छ. आणि पुन्हा ती सकाळसारखी थबकली. वळता वळता तिने वर पाहिलं. माझे हात पाठीमागे होते.

त्यानंतर ती बिचकली नाही. तिसऱ्या लांबीत तिने दोघींना मागे टाकलं. पलीकडच्या टोकाला ती वळली तेव्हा तिथल्या पंचाचा हात वर गेला नाही. गॅलरीत दादा ओरडायला लागलेला मला ऐकू येत होता. एरवी गिऱ्हाइकाशीसुद्धा हळू बोलणारा माणूस, पण आता त्याचा आवाज सगळ्या तलावावर ऐकू येत होता. मी मान वर केली नाही. मला फक्त पाणी, भिंत आणि तिचे हात बघायचे होते.

चौथ्या लांबीत आणखी दोघी मागे पडल्या, आणि शेवटच्या काही हातांत ती सातव्या लेनच्या पोरीच्या बरोबरीला आली. दोघींमध्ये तिसरं पदक होतं. आणि भिंत थोडी लांब राहिली. अशा वेळी कुणीही एक हात पुढे फेकतो. खांदा तिरका केला की वीतभर जास्त पोचतं. बेडकीचा उजवा खांदा पुढे सरकायला लागला. पाठीमागे माझ्या हातांची पकड सुटली, कारण ती चुकली असती तर मी हात वर करणारच होते. मनातल्या मनात मी तिच्या हातापाया पडत होते.

खांदा मागे आला. दोन्ही हात सरळ झाले, तशीच पाण्यातून सरकत ती आली, आणि दोन्ही तळवे बरोबर भिंतीला लागले. सातव्या लेनची पोरगी बोटभर आधी पोचली होती.

बेडकी चौथी आली. पोचलेल्या बाकीच्या पोरी वळून फलकाकडे बघत होत्या. बेडकीने गॉगल कपाळावर सरकवला आणि फलकाकडे पाठ करून आधी माझ्याकडे पाहिलं. माझे हात पाठीमागेच होते. शेजारच्या पंचाचेही. तिला धाप लागली होती, पण चेहरा असा उजळला की पदकवालीचा काय उजळेल. आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, नाक वाहायला लागलं, सगळं एकदमच. वर दादा कठड्याला टेकून माझ्या हातांकडेच बघत उभा होता.

"आत्या, डोळे पूस की," बेडकी पाण्यातून म्हणाली.

शर्यत संपल्याचं अजून जाहीर झालं नव्हतं. शेवटची पोरगी यायची होती आणि मुख्य पंचबाईंची नजर आमच्यावर होती. मी ओठ न हलवता म्हणाले, "हात वर गेला तर बाद होशील तू."

ती इतकी हसली की तिला लेनची दोरी धरावी लागली. "मग राहू दे," ती म्हणाली. "हात खालीच ठेव."

मी हात खालीच ठेवले आणि सगळ्या तलावासमोर तशीच रडत उभी राहिले.